थांब्या

त्याचं खरं नाव कचेरीच्या हजेरीत असेल, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. सगळे त्याला थांब्या म्हणत. बायको रागावली की तीही म्हणे. नाव पडलं ते कामावरून, आणि काम असं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू यावं. थांबायचं, एवढंच.

जमिनीखालच्या आगीचा अभ्यास करणारी एक संस्था होती, तिच्या भांडाराचा तो राखणदार. दोरखंड, तंबू, पाण्याचे कॅन, बूट, मुखवटे, सगळं त्याच्या ताब्यात. वर्षातून एकदा, उन्हाळा ओसरला की, संस्थेची माणसं त्या वाळवंटात जात. ओसरला म्हणायचं आपलं. तिथे उन्हाळा ओसरला म्हणजे एवढंच, की दगडावर टाकलेलं अंडं जरा उशिरा शिजतं. जमीन काळी ठिक्कर, मध्येच पिवळी, मध्येच शेवाळ्यासारखी हिरवी. खाली आग धुमसते आणि वर मिठाची खपली धरते. ही खपली कुठे भरलेली गाडी पेलते, कुठे मांजर पेलत नाही, आणि वरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. वारा सुटला तर अंग भाजतं, नाही सुटला तर गंधकाने घसा धरतो. असल्या ठिकाणी शहाणा माणूस जात नाही, पण संस्थेत शहाणी माणसं पुष्कळ असल्यामुळे दरसाल मोहीम निघे.

गाडी एका जागेपर्यंत जाते. पुढे पायी. उजाडायच्या आत निघायचं, धुमसत्या विवराच्या काठापर्यंत जायचं, वाफ बाटल्यांत धरायची, आणि सावली पायाखाली यायच्या आत गाडीशी परतायचं. मध्ये डोंगर, त्यामुळे बोलायची यंत्रं मुकी होतात. म्हणून एकजण गाडीपाशी राहतो. तो थांब्या. आतल्यांना उशीर झाला तरी त्याने गाडीची सावली सोडायची नाही, शोधायला जायचं नाही, पाणी जागचं हलवायचं नाही. आतला माणूस कुठूनही येईल, कसाही येईल, रांगत येईल. पाणी कुठे आहे हे त्याला डोळे मिटून ठाऊक असलं पाहिजे.

भांडारात नव्याने आलेल्या कारकुनाने फोनवर मोहिमेची यादी उतरवताना "थांब्या एक" ऐकून एकदा "तांब्या एक" असं लिहून घेतलं होतं, आणि सामानात खरोखर एक तांब्या बांधून पाठवला होता. त्यावर सगळे पोट धरून हसले. थांब्या हसला नाही. त्याने तो तांब्या ठेवून घेतला. म्हणाला, "बरोबरच आहे. दोघांचं काम एकच. पाणी धरून बसायचं."

या गड्याच्या थांबण्याला अर्थ होता, कारण न थांबल्याचं काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

तो तेव्हा नुसता ड्रायव्हर होता. त्या साली दोन सख्खे भाऊ मोहिमेत होते. थोरला आत गेलेला, धाकटा गाडीपाशी. थोरल्याला उशीर झाला. धाकट्याचं काळीज हलायला लागलं. त्याने कॅन खांद्यावर घेतले, गाडी बंद केली आणि भावाच्या मागावर निघाला. थोरला डोंगराच्या दुसऱ्या अंगाने परत आला होता. गाडी होती, पाणी नव्हतं. दुसरी गाडी घेऊन आपला हा पोचला, तेव्हा थोरला चाकाला पाठ लावून बसलेला होता. हाक मारली, तर ओ दिली नाही. धाकटा संध्याकाळी सापडला, जिवंत, कॅनमध्ये पाणी तसंच हिंदकळत होतं. तो अजून जिवंत आहे. कुणाकडे बघत नाही.

तेव्हापासून थांब्याचं काम याने मागून घेतलं, आणि एक नियम घालून दिला. आत ज्याचं रक्ताचं माणूस असेल, त्याने बाहेर बसायचं नाही. नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण संस्थेत कुणाची टाप नव्हती तो मोडायची.

आता गंमत बघा. घरात रोज रात्री जेवताना विवराच्या, वाफेच्या, खपलीच्या गोष्टी. त्याची एकुलती एक लेक ते ऐकत मोठी झाली. दुसऱ्या पोरी बाहुल्या जमवायच्या, ही दगड. शिकली, दगडांचंच शिकली, आणि फिरून त्याच संस्थेत लागली. बापाला आनंद झाला. वाफेच्या बाटल्या कोणी आणायच्या हे ठरलं आणि यंदा लेकीचं नाव निघालं, तेव्हा आनंद कुठे गेला ते त्याचं त्याला कळलं नाही.

घरी ती बातमी कळली तशी बायको हातातलं काम टाकून समोर येऊन बसली.

"तुम्ही जाणार ना तिच्याबरोबर?"

"मला जाता येत नाही. नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"मी."

"मग मोडायलाही तुमचीच परवानगी लागेल. द्या."

"अगं, असं नसतं ते."

"कसं असतं ते मला नका सांगू. दुसऱ्यांच्या पोरांसाठी जन्मभर तिथे भाजून घेतलंत. आता आपली निघाली तर तुम्ही इथे पंख्याखाली बसणार? तुम्ही बाहेर बसलात तर मला घरात बसवेल. नाहीतर नाही बसवणार, सांगून ठेवते."

थांब्या काही बोलला नाही. बोलला नाही म्हणजे पटलं नाही असं नाही. पटलं म्हणूनच बोलला नाही. तयारीला सुरुवात झाली आणि हा रोज भांडारात बूट तपासत बसू लागला. गोंदाने चिकटवलेले तळवे तिथे वितळतात, म्हणून शिवलेल्या तळव्यांचेच बूट न्यायचे. लेकीच्या मापाचा जोड त्याने शिवलेला असूनही परत उसवला आणि दुहेरी दोऱ्याने नव्याने शिवला. तिच्या मुखवट्याचा पट्टा ओढून ओढून बघितला. आणि मनाशी म्हणत राहिला, नियम भावांसाठी केला होता. बाप म्हणजे काही भाऊ नव्हे. बापाला जास्त कळतं.

बैठकीच्या दिवशी लांब टेबलावर नकाशा पसरला होता. संस्थेच्या प्रमुखबाई, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्या मध्ये. एका बाजूला लेक आणि तिच्याबरोबर आत जाणारा तिचा सहकारी, उंच, चष्मेवाला. दुसऱ्या बाजूला थांब्या. दाराशी स्वयंपाकी, कारण शिधा किती न्यायचा ते त्याला सांगायचं होतं. वाट ठरली, पाणी ठरलं, निघायची वेळ ठरली.

"गाडीपाशी कोण?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"मी आहेच की," थांब्या म्हणाला.

 मॅडम नकाशावरची घडी बोटाने सपाट करत राहिल्या. त्यांना नियम ठाऊक होता, पण ज्याने केला त्यालाच तो कसा सांगायचा? चष्मेवाल्याने चष्मा पुसायला घेतला.

लेक म्हणाली, "बाबा, मला उशीर झाला तर?"

कचेरीत ती त्याला बाबा म्हणत नसे. त्या दिवशी म्हणाली.

"थांबेन."

"दुपार झाली, ऊन उतरायला लागलं, तरी मी नाही आले तर?"

"थांबेन. तेच काम आहे माझं."

"हाक ऐकू आली तर?"

"तिथे सगळ्यांनाच ऐकू येतात हाका. मेलेल्यांच्यासुद्धा येतात. मी थांबेन म्हणालो ना?"

"तुम्ही नकाशाकडे बघून सांगताय. माझ्याकडे बघून सांगा."

त्याने मान वर केली. समोर पोर बसली होती. कपाळावर केसांची बट, लहानपणापासून तशीच पुढे येणारी.  माणसाला घाम फुटावा इतकं काही त्या खोलीत गरम नव्हतं.

"मी आत येईन," तो म्हणाला.

"पाण्यासकट?"

"पाण्यासकट."

"मग तुम्ही नाही, बाबा."

"नाही," तो म्हणाला. "मी नाही."

 मॅडमनी नकाशावरून बोट उचललं. "पण मग कोण? तुमच्यासारखा बसणारा आणायचा कुठून?"

थांब्याने खोलीभर नजर फिरवली आणि ती दाराशी येऊन थांबली.

स्वयंपाक्याला सगळे ढिम्म म्हणत. संस्थेचं जेवणघर तो चालवायचा. एकदा चुलीवरच्या धुराड्याने पेट घेतला, माणसं खुर्च्या पाडत बाहेर पळाली, तर हा म्हणाला, "आधी भात उतरवतो." सासू वारल्याचा निरोप आला तेव्हा हातातली भांडी विसळून, पालथी घालून मग निघाला. बायकोने ते अजून त्याला माफ केलेलं नाही.

"हा," थांब्या म्हणाला.

"मी?" ढिम्म म्हणाला. "मी तर शिधा विचारायला आलोय."

"तुझ्यासारखा न हलणारा माणूस या इमारतीत दुसरा नाही. भिंतीसुद्धा कधीमधी हलतात."

खोलीत हशा पिकला. थांब्या हसला नाही, हे फक्त लेकीने बघितलं.

मग शिकवणी सुरू झाली. भांडारामागच्या अंगणात भर उन्हात गाडी उभी केली. ढिम्मला तिच्या सावलीत बसवलं, शेजारी पाण्याचे कॅन. सावली सरकेल तसं त्याने सरकायचं, पण सावलीबाहेर पाय काढायचा नाही. थांब्या भिंतीआड जायचा आणि हाका मारायचा. कधी मॅडमच्या आवाजात, कधी कण्हत, कधी "अरे, आलोय, इकडे ये" असं. ढिम्म दाढी खाजवत बसून राही. एकदा तर झोपला.

"हा झोपला तर?" चष्मेवाल्याने विचारलं.

"झोपू दे. झोपलेला माणूस कुठे जात नाही."

पण थांब्याचं समाधान होत नव्हतं. शेवटी त्याने लेकीला बोलावलं. "तू मार हाक."

ती भिंतीआड गेली. आधी नुसतं, "काका, अहो काका." ढिम्म बसून. मग मोठ्याने, "काका, पडले हो मी, उठता येत नाहीये." तशी ढिम्म ताडकन उठला. दोन पावलं उन्हात गेला.

"बस," थांब्या ओरडला.

"पडली म्हणतेय ती."

"ऐकलं मी. बस."

"अहो दादा, तुमचीच पोरगी ना ती? तुमच्या अंगात काही आहे की नाही?"

"ते मी बघेन. तू सावलीत ये." आणि भिंतीकडे तोंड करून, "पुन्हा मार गं. असं नको. खरोखर पडल्यासारखी मार."

ती मारत राहिली. घसा बसला तरी मारत राहिली. ढिम्म उठायचा, थांब्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवायचा. ऊन कलेपर्यंत ते चाललं. शेवटी तिची हाक आली, फाटलेली, रडवेली, कुणाचाही जीव वर यावा अशी, आणि ढिम्म जागचा हलला नाही. मान खाली घालून, दोन्ही हात कॅनवर दाबून बसून राहिला.

"झालं," थांब्या म्हणाला. "शिकला." आणि कॅन उचलायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभा राहिला.

मोहीम निघाली. थांब्याने सामान गाडीत चढवून दिलं, चाकांची हवा पाहिली, आणि घरी गेला. बायको त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आत जायची. त्या वाळवंटात वारा कसा आहे, हे विचारायला तो कचेरीत रोज जाई आणि काही न कळता परत येई.

लेक परत आली ती कुबडी घेऊन. परतीच्या वाटेवर खपली मोडली होती, एक पाय गुडघ्यापर्यंत उकळत्या चिखलात गेला होता. चष्मेवाल्याने तिला ओढून काढलं आणि खांद्यावर घेतलं, मग त्याचीही ताकद संपली. दोघं रांगत गाडीशी आली. पाणी जागेवर होतं. त्या पाण्याने दोघं जगली. पायाची कातडी मात्र गेली, ती पुढे कधी नीट आली नाही.

"काका बसून होते, बाबा," ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली. "शिकवलं तसंच." तिच्या बोलण्यात राग नव्हता. बायकोने तिच्या पायावरची पट्टी बदलली आणि नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ढिम्म स्वतः भांडारात आला. दाराशीच उभा राहिला.

"एक सांगायचं होतं, दादा. हाक आली होती."

"तिथे येतातच."

"तशी नाही. खरी होती. लांब नव्हती, टेकाडाच्या पलीकडे. नावानिशी मला बोलावत होती. एक कॅन घेऊन गेलो असतो तर तिथल्या तिथे पाय थंड केला असता."

"मग?"

"बसलो."

थांब्या दोरखंड गुंडाळत होता. तो गुंडाळून झाला, गाठ मारली, खुंटीला लावला.

"खपली तुझ्याही वजनाने मोडली असती," तो म्हणाला. "पाणी गेलं असतं, तिघंही गेली असती."

"किंवा नसती गेली."

"किंवा नसती गेली. बरोबर केलंस तू."

हे तो नुसतं तोंडदेखलं बोलला नाही. मोठ्या मॅडमसमोर त्याने तेच सांगितलं. पुढच्या वर्षी गाडीपाशी ढिम्मच बसेल, हेही त्यानेच ठरवून टाकलं. कुणी ढिम्मला नावं ठेवली तर हा अंगावर जाई.

पण त्या दिवसापासून तो जेवणघरात गेला नाही. घरून डबा आणू लागला आणि भांडारातच बसून खाऊ लागला. विचारलं तर म्हणायचा, पोटाला सोसत नाही हल्ली.

ढिम्मने काही विचारलं नाही. रोज दुपारी तो कोपऱ्यातल्या टेबलावर थांब्याचं ताट वाढून ठेवायचा, आणि सगळी जेवून गेली की उचलून, धुऊन, पालथं घालायचा.