भाऊजींच्या पट्ट्या

कॉम्प्युटर कामासाठी घ्यायचा असतो, हे आमच्या भाऊजींना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मते तो घ्यायचा मांडणीसाठी. मांडणी एकदा मनासारखी झाली, की काम काय, होऊन जाईल. ती त्यांच्या मनासारखी झालेली निदान मी तरी कधी पाहिली नाही.

भाऊजी म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. पुण्यात बिबवेवाडीला आम्ही ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो, त्या घरमालकीणबाईंचे हे धाकटे दीर. त्या भाऊजी म्हणत, म्हणून दूधवाला, पेपरवाला, समोरचे सत्तरी उलटलेले आजोबा, सगळेच त्यांना भाऊजी म्हणत. आणि भाऊजी बाईंना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले. भाऊजी बँकेत होते. बँकेत कॉम्प्युटर आले, तेव्हा साहेबांनी सांगितलं की आता इतकी माणसं लागणार नाहीत, स्वेच्छेनं घरी जा. भाऊजी स्वेच्छेनं घरी आले ते वाटेत एक कॉम्प्युटर घेऊनच. पुढच्या खोलीत तो मांडला, दारावर 'लग्नपत्रिका, बायोडेटा व सोसायटीच्या नोटिसा सुबक करून मिळतील' अशी पाटी लावली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात 'घाई असणाऱ्यांनी अन्यत्र जावे' असं लिहिलं. लोक जातही असत.

स्क्रीनच्या खालच्या कडेला छोट्या छोट्या चित्रांची एक पट्टी असते, ती सगळ्यांना माहीत आहे. चित्रावर टिचकी मारली की तो तो प्रोग्राम उघडतो. जगातली बाकी माणसं टिचकी मारतात आणि पुढच्या कामाला लागतात. भाऊजी त्या पट्टीपाशीच थांबले, ते कायमचे. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या पट्टीबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "ही कंपनीनं दिलेली पट्टी. भाड्याच्या खोलीसारखी. भिंतीत खिळासुद्धा ठोकायची सोय नाही," ते म्हणत, आणि मग मी भाडेकरू आहे हे आठवून, "तुमचं नाही म्हणत मी. तुम्ही ठोका खिळे," असंही म्हणत.

त्यामुळे ते इंटरनेटवरून नवनव्या पट्ट्या उतरवून घेत. एका पट्टीतली चित्रं माउस जवळ नेला की दाढ सुजल्यासारखी फुगत. एक पट्टी लाजाळू होती, कडेला लपून बसायची, बोलावल्याशिवाय यायची नाही, आणि बोलावलं तरी कधी कधी यायची नाही. एक गोल होती, वर्तुळात बसलेल्या पंगतीसारखी. तिच्यात हवं ते ताट नेमकं समोरच्या बाजूला. प्रत्येक पट्टी ते आधी तळाशी लावत, मग वर, मग डावीकडे. एका गिऱ्हाइकानं गमतीनं 'ईशान्येला लावा' म्हटलं, तर तीही लावून पाहिली. मत लगेच द्यायचं नाही हा त्यांचा नियम. "नांदवून बघायला पाहिजे," ते म्हणत. लग्नाचंही त्यांनी असंच नीट विचार करून ठरवायचं म्हटलं होतं. विचार चालू असतानाच ते राहून गेलं.

इंटरनेट तेव्हा फोनच्याच तारेनं यायचं, त्यामुळे पट्टी उतरवत असताना घरचा फोन अडकून राहायचा. वहिनी दारात येऊन उभ्या राहायच्या.

"भाऊजी, नाशिकहून ताईंचा फोन यायचाय."

"येऊ दे की. अडवलंय कुणी?"

"तुम्ही."

"थोडीच राहिलीय, वहिनी. पोचेलच आता."

"काल काय पोचलं होतं मग?"

"कालची डावीकडची. ही दोन्हीकडची."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ऐकलंस? दोन्हीकडची!" आणि आत जायच्या.

मी या घरात आले तेव्हा फार भेदरलेली होते. आमचं गाव गोंदियाच्याही पलीकडे. आठवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि नवऱ्याला मांजरी गावाच्या बाजूला एका कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही पुण्यात आलो. वर्ष सरायच्या आत कारखान्याला टाळं लागलं. परत गावी जायचं का, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नव्हतो. पण ट्रंक पलंगाखालून काढून पुसून ठेवली होती, आणि ती दोघांनाही दिसत होती. वहिनींनाही दिसली असावी. एका सकाळी त्या मला हाताला धरून पुढच्या खोलीत घेऊन गेल्या. "भाऊजी, हिला काहीतरी शिकवा. चार ठिकाणी काम मिळेल असं."

"मले इंग्रजी वाचता नाही येत जी," मी आधीच सांगून टाकलं.

"मलाही पुष्कळ गोष्टी येत नाहीत," भाऊजी म्हणाले. "बसा, नागपूर." आमच्याकडचं कुणीही असो, त्यांच्या लेखी ते नागपूर.

मी बसले, पण हात मांडीवरून उचलेना. चित्राखालचं इंग्रजी नाव वाचायला मला इतका वेळ लागायचा की भाऊजींचा चहा यायचा आणि संपायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याचा कॅमेरा मागून आणला आणि स्वयंपाकघरात शिरले. तिथून आवाज यायला लागले.

"अहो, माझी विळी!"

"फोटो काढतोय फक्त. जरा उजेडात ठेवतो."

"विळी फोटो काढून घ्यायला बसली, तर मेथी मी दातांनी चिरू का?"

दुपारपर्यंत नवी पट्टी तयार झाली. फोटो कापायच्या प्रोग्रामवर विळी. पत्रिका मांडायच्या प्रोग्रामवर वहिनींचा कुंकवाचा करंडा. फाइली ठेवायच्या जागेवर फडताळ. छपाईला इस्त्री. टाकाऊ गोष्टींना सुपली. मी बघतच राहिले.

"तुमच्यासाठी नाही केलंय," भाऊजी घाईघाईनं म्हणाले. "मला त्या कंपनीच्या चित्रांचा कंटाळा आला होता."

त्या दिवसापासून माझा हात मांडीवर राहिला नाही. फडताळ उघडायचं, करंडा घ्यायचा, विळीवर फोटो कापायचा, इस्त्री करायची. पत्रिका तयार. इतकं सोपं असेल तर लोक यासाठी क्लास कशाला लावतात, असं मला वाटायचं. भाऊजी मात्र पट्टीची सावली थोडी गडद करावी की फिकी, या विचारात असत, आणि गिऱ्हाइकांची कामं हळूहळू माझ्याकडे आली. गिऱ्हाइकांना ते बरं वाटलं असावं; पाटी वाचूनही ती आत यायला लागली.

मग एक दिवस भाऊजींनी स्वतःच सांगितलं, की धायरीत एका छापखान्याला मांडणी करणारं माणूस हवं आहे, उद्या परीक्षा घेतील. "इथे राहिलात तर पट्टीपलीकडे काही शिकणार नाही तुम्ही," ते म्हणाले. स्वतःबद्दलची इतकी खरी गोष्ट त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली. नवऱ्यानं रात्री ट्रंकेवर एक चादर टाकून ठेवली. हे काम मिळालं तर राहायचं, नाही तर नाही, हे दोघांनाही कळत होतं.

भाऊजी मला स्कूटरवरून घेऊन गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. आत छापखान्याच्या मॅडमनी मला एका कॉम्प्युटरसमोर बसवलं, एक फोटो आणि मजकूर दिला आणि म्हणाल्या, "बारशाची पत्रिका करून दाखवा." मी स्क्रीनकडे पाहिलं आणि हात पुन्हा मांडीवर घेतला. खाली नुसती निळ्या-तांबड्या इंग्रजी अक्षरांची चित्रं. ना करंडा, ना फडताळ. मला खरंच वाटत होतं, की कॉम्प्युटर सगळीकडे तसाच असतो.

"मॅडम," मी हळूच विचारलं, "यात विळी कुठं असते जी?"

शेजारच्या टेबलांवरचे हात थांबले.

"विळी घरी असते," मॅडम म्हणाल्या. "इथे छपाई होते. चिराचिरी करायची असेल तर पुढे भाजीबाजार आहे."

मग त्यांनी विचारलं, बरोबर कुणी आलंय का. मी म्हटलं, भाऊजी आहेत. "सख्खे?" "नाही जी, घरमालकीणबाईंचे." मॅडमनी कपाळाला हात लावला आणि त्यांना आत बोलावलं.

भाऊजी आले ते शर्टाच्या खिशातून सीडी काढतच. "पाच मिनिटं द्या. यांची पट्टी लावून देतो."

"बाहेरची सीडी इथे चालत नाही."

"मग निदान ही तरी डावीकडे करू?"

"कशालाही हात लावायचा नाही."

भाऊजी वाकून त्या पट्टीकडे बघायला लागले. रंग न दिलेल्या घरात कुणी सुखानं राहतंय, हे पाहिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "अशीच वापरता? जशी आली तशी?" त्यांनी विचारलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नागपूर, करंडा म्हणजे यातलं नेमकं कोणतं, मलाही आठवत नाही हो. फार वर्षं झाली ही पट्टी पाहून."

मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. इतकं, की भीती कुठे गेली ते कळलं नाही. ज्यांनी शिकवलं त्यांनाच येत नाही, तर आपल्याला कसली लाज! मी पहिल्या चित्रावर टिचकी मारली. आकड्यांचे रकाने उघडले, ते बंद केले. दुसरं उघडलं, नको ते निघालं. तिसरं उघडलं, आणि आत सगळं ओळखीचं होतं: तीच पांढरी पानं, बाजूला तीच हत्यारं, तेच रंगांचे चौकोन. फक्त दारावरचं चित्र वेगळं. कापायचा प्रोग्रामही तसाच सापडला. त्यानंतर मी वर पाहिलंच नाही. पत्रिका छापून मॅडमच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या. एकट्या या."

भाऊजी मला स्कूटरवरून परत घेऊन आले. घरापाशी उतरल्यावर म्हणाले, "त्यांची पट्टी फारच खाली आहे. मान सांभाळा."

पुढे नवऱ्यालाही त्याच बाजूला काम लागलं आणि आम्ही धायरीला खोली घेतली. सामान न्यायला टेम्पो आला, त्या सकाळी भाऊजी फाटकात उभे राहून टेम्पोवाल्याला पिडत होते. "गादी आधी. ट्रंक तळाला. अहो, स्टोव्ह आत्ता नाही, स्टोव्ह शेवटी!" टेम्पोवाला म्हणाला, "काका, सगळं एकाच ठिकाणी जाणार हाय ना? मग कुठं बी ठेवलं तर काय?" भाऊजींनी त्याच्याकडे अशा दयेनं पाहिलं, की ते म्हणतील तसं तो सामान चढवू लागला. वहिनींनी माझ्या ओटीत नारळ घातला आणि डोळे पुसले. मी भाऊजींच्या पाया पडायला वाकले, तर ते टेम्पोच्या मागच्या बाजूला जाऊन दोरी तपासायला लागले. बराच वेळ तपासत होते. टेम्पो निघाला तेव्हाही त्यांची पाठच दिसली.

धायरीला पोचलो, टेम्पोची फळी उघडली. सगळ्यात पुढे, हात घालताच मिळेल असं, स्टोव्ह होता. त्याच्याजवळ काडेपेटी, भरलेली कळशी, पातेलं, चहा-साखरेचे डबे आणि दोन कप, फडक्यात गुंडाळलेले. बाकीचं सामान रस्त्यावरच होतं, खोलीत दिवाही लागला नव्हता, शेजारचं कुणी ओळखीचं नव्हतं. आणि आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून चहा पीत होतो.