भिंतीवर मावणारा पत्ता

कुठलीही वेबसाइट उघडली की नामूभाऊ आधी वरची लिंक वाचायचे आणि तिच्यात प्रश्नचिन्हं, आकडे, टक्क्यांची चिन्हं दिसली की "थू!" करायचे. नुसतं म्हणायचे नाहीत. तोंडात सदैव तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, त्यामुळे टेबलाखालच्या डब्यात खरोखर थुंकायचे. वाशिमच्या आमच्या इवल्याशा ऑफिसात तो डबा माझ्या पायांपासून हातभर अंतरावर असे. त्यातल्या तांबड्या पाण्याचा वास आठवला की आजही पदर नाकाशी जातो.

"नामूभाऊ, खरी घाण तुमच्या डब्यात आहे," मी म्हणायची.

"डबा धुता येते, सुनंदे. हे पाह्य," ते स्क्रीनकडे बोट दाखवायचे. "ओकल्यावानी दिसून राह्यलं. कोनाले तोंडानं सांगावं तरी कसं?"

घरी देशी बियाणं राखणाऱ्या बायांसाठी आम्ही एक वेबसाइट चालवत होतो. प्रत्येकीचं एक पान, त्यावर तिच्या बियाण्याची माहिती आणि फोन. ज्या तयार सॉफ्टवेअरवर ती उभी होती, त्यानं प्रत्येक बाईला नंबर दिला होता आणि तो नंबर लांबलचक लिंकच्या शेपटीला लटकत असे.

आसेगावच्या कौसाबाईंकडे सासूनं दिलेल्या ज्वारीचं बी होतं. गावात ते आता दुसरं कोणीच पेरत नव्हतं. कोणी घेऊन जावं म्हणून त्यांनी आपली लिंक रस्त्याकडच्या भिंतीवर पेंटरकडून रंगवून घेतली. पेंटरला भिंत पुरली नाही. त्या महाभागानं उरलेली लिंक सरळ शेजारच्या दिराच्या भिंतीवर लिहून टाकली. दीर-भावजयीचं बोलणं बंद. दिवाळी आली तसा दिरानं आपल्या भिंतीला चुना मारला, आणि कौसाबाईंचा नंबर त्या चुन्याखाली गेला.

कौसाबाई ऑफिसात आल्या त्या रडवेल्या होऊन. "निम्मा पत्ता माह्या भिंतीवर, निम्मा दिराच्या चुन्याखाली. लोकं टाकतात तं भलतंच निघते. बी जुनं झालं म्हंजे उगवत नाही, बापा. मंग कुठून आनू?"

मला त्या दिराची शिसारी आली. नामूभाऊंना मात्र लिंकची. "त्याले काहून शिव्या देतं? पत्ता आपल्या भिंतीवर मावाले पायजे. अन् चांगलं नाव असता बाईले नंबर कायले?"

ते कामाला बसले. सर्व्हरमध्ये रीराइट नावाची सोय असते. ती सुरू केली की बाहेरच्या माणसानं साधं नाव टाकायचं, आतला गचाळ पत्ता सर्व्हर स्वतः शोधून घेतो. आमच्याकडे ती बंदच होती. नामूभाऊंनी ती सुरू केली, नियम लिहिला, सर्व्हर पुन्हा चालू केला. 'पान सापडले नाही.' थू! आमच्या फोल्डरातले नियम वाचायला मुख्य सेटिंगनंच मनाई केली होती. ती मनाई उठवली तेव्हा कुठे कौसाबाईंचं पान उघडलं. वेबसाइटचं नाव, पुढे आसेगाव, पुढे कौसाबाई. बस.

पेंटरनं ते ठळक रंगवलं आणि उरलेल्या जागेत हौसेनं कणीसही काढलं. कौसाबाईंची ज्वारी पुढे अनसिंगच्या शेतांपर्यंत गेली.

नामूभाऊंच्या जिभेवर गाठ आली ती त्यानंतर. "आता तरी सोडा तो खर्रा," मी ओरडायची. "हा आखरीचा," म्हणत ते नवी पुडी फोडायचे. इतका संताप मला दुसऱ्या कोणाचा कधी आला नाही. प्रश्नचिन्हाची घाण वाटणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडातली घाण दिसू नये?

मोठ्या दवाखान्यात त्यांची जीभ काढली. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती, तोंडावर पट्टी होती आणि वास त्या डब्याहून वाईट होता. नाकाला पदर लावूनच मी स्टुलावर बसले. तेवढ्यात दारातून नर्स ओरडली, "सतरा नंबर! इंजेक्शन!"

नामूभाऊंच्या कपाळावर ती ओळखीची आठी चढली. डब्याकडे वळावं तशी मान वळली, पण थुंकणं आता जमत नव्हतं. त्यांनी उशाजवळची पाटी ओढली आणि लिहिलं, 'रीराइट कर.'

पलंगाच्या पायथ्याशी सतराचा पत्रा होता. मी त्यावर मार्करनं आधी त्यांचं गाव, पुढे नाव असं मोठ्ठं लिहिलं: इंझोरी, नामदेवभाऊ. नर्स पुढच्या खेपेला आली, ती ते वाचूनच "नामदेवभाऊ, हात द्या" म्हणाली. त्यांचे डोळे हसले.

ते गेले तेव्हा दवाखान्याच्या गाडीतून त्यांना इंझोरीला आणलं. अंगणात माणसं हार घालत होती. मी पाया पडायला वाकले, तर पायाच्या अंगठ्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर. मी तो दोरा ओढून तोडला, चिठ्ठी चुरगाळली, आणि आयुष्यभर ज्या गोष्टीची मला किळस येत आली ती केली. सगळ्यांच्या देखत अंगणात थुंकले.