ओहोटीत बसलेली होडी

चष्मेवाल्या काकांनी तीस वर्षं तळ्यात होडी चालवली. आठवडाभर दुकानात भिंगं घासायची आणि रविवार उजाडला की वल्ही खांद्यावर टाकून पसार! काकू त्या तळ्याला सवत म्हणायच्या आणि तिकडे एकदाही फिरकल्या नाहीत. म्हातारपणी दोघं लेकीकडे खाडीकाठी राहायला आली, तर काकांनी होडीही मागवून घेतली. हौसेला मोल नसतं, दुसरं काय. मग काकूंनी एकच अट घातली. एकदा बरोबर येईन, नाही आवडलं तर होडी विकायची. काकांनी मान डोलावली.

सकाळी दोघं होडीत बसून निघाली तेव्हा खाडी चांगली भरलेली होती, पाण्यावर कोवळ्या उन्हाची साय धरलेली. काका मनात म्हणाले, पाणी म्हणजे पाणी, त्यात नवं काय शिकायचं! तळ्यावरच्या सवयीने त्यांनी काठाजवळची सावली हेरली, नांगर टाकला आणि टोपी तोंडावर ओढून जरा लवंडले. आता तळ्यातलं पाणी काही तुम्ही झोपलात म्हणून उठून जात नाही. खाडीचं जातं. काका जागे झाले तेव्हा होडी चिखलात एका कुशीवर बसली होती, आणि पाणी लांब मधोमध पट्टीएवढं उरलं होतं. काकूंनी ते जाताना पाहिलं होतं, पण त्यांना वाटलं, होडीत बसलं की असंच होत असेल.

काठावर जाळं शिवत बसलेल्या माणसाने हाक मारून बजावलं, की उतरू नका, मांडीपर्यंत रुताल. चारच्या सुमाराला पाणी येईल, तोवर गप बसा. काकांचं तोंड एवढंसं झालं. होडी गेलीच म्हणायची.

दोघं बसून राहिली. चिखलात बुडबुडे फुटत होते, इवले खेकडे बिळातून डोकावत होते, एक बगळा उभ्याउभ्या पेंगत होता. वेळ पुढे सरकतोय की नाही, तेच कळेना. आणि काकू बोलायला लागल्या. लेक पहिलं पाऊल टाकून चालली, तो रविवार. आई गेल्याचा निरोप आला, तोही रविवार. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून त्या भिंतीशी बोलल्या होत्या. रागावून नाही, गुणगुणल्यासारखं सांगत होत्या. काकांचा हात सवयीने वल्ह्यांकडे गेला. पण वल्हवणार कुठे, खाली सगळा चिखल! ऐकणं भाग होतं. ऐकता ऐकता त्यांना रडू आलं, आणि तोंड लपवायलाही जागा नव्हती.

चारच्या सुमाराला पाणी परत आलं, समुद्राकडून, आवाज न करता. होडी हलली, सरळ झाली, तरंगायला लागली.

"चुकलंच माझं," काका म्हणाले. "उद्याच विकतो."

काकूंनी हात पाण्यात सोडला होता.

"विकू नका. तीस वर्षांत मी बोलत असताना तुम्ही उठून गेला नाहीत, असं आज पहिल्यांदाच झालं."

 काकांनी हळूच विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय?"

"राहिलंय की."

काकांनी वल्ही आत ओढून ठेवली.