पान संपलं तरी वाचन चालूच

शिवऱ्याची मंगल पहिल्यापासून ताठ मानेची. बारावी झाली, डी.एड. झाली, आणि भरतीची वाट बघता बघता लग्न झालं. नोकरी काही आली नाही, बाईंचा बाणा मात्र अंगात राहिला. नवरा संपत टेम्पो चालवायचा आणि मिळालेलं सगळं बाटलीत घालायचा. मग मार्केट यार्डात माल उतरवताना कुणीतरी त्याला कात्रजजवळच्या एका प्रार्थनासभेला नेलं. चमत्कार म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, बाटली सुटली ती सुटलीच. नवरा शुद्धीत घरी येतोय, पोरीला मांडीवर घेतोय, हे मंगलने डोळ्यांनी बघितलं आणि तीही येशूपुढं गुडघे टेकून बसली. तिची श्रद्धा खरी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचं खापर कुणी देवावर फोडू नये.

गावाने काही घर जाळलं नाही की वाळीतही टाकलं नाही. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. नळावर ती गेली की बायकांचं बोलणं मधेच तुटायचं. सख्खा भाऊ धनाजी, तो भाऊबीजेला फिरकला नाही. सासू सोजराबाई म्हणाल्या, "तुजा देव तुला, माजा मला. पोरीला तेवढं मधी वढू नगं." राहता राहिला रविवार. कात्रजच्या हॉलमध्ये पाय ठेवला की चार बायका "मंगलताई आल्या!" म्हणून पुढं यायच्या, शेजारी जागा करून द्यायच्या. सगळ्या आठवड्यात तिला माणसासारखं वागवणारी तेवढीच एक जागा होती.

त्या सभेतल्या काही घरांनी मुलं शाळेतून काढून घरी शिकवायला घेतली होती. नवरे कंपनीत, बायका शिकलेल्या, पुस्तकं कुरिअरने यायची. पास्टरांच्या पत्नी सुलक्षणा मॅडम मंगलला म्हणाल्या, "तुम्ही तर डी.एड. आहात. लेकरू देवाने तुमच्या हाती दिलंय, मग दुसऱ्याच्या हाती का देता?" त्याच सुमाराला शाळेत पोरांनी प्रेरणाला, म्हणजे मंगलच्या लेकीला, 'ए हालेलुया' म्हणून चिडवलं. पहिलीतली पोरगी रडत घरी आली. संपत तडकला, "उद्यापास्नं न्हाई धाडायची!" मंगलने नवऱ्याला समजवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. शेवटी एकदाचा वर्ग मिळाला, एका पोरीचा का होईना!

आणि वर्ग भरायचा कुठं, तर चुलीपुढं. म्हशीचं शेण काढायचं, धार काढायची, भाकरी थापायच्या, कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडायचं, आणि यातून उरलेल्या वेळात शिकवायचं. सकाळच्या प्रार्थनेला मंगल पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक स्तोत्र वाचायची, प्रेरणा मागनं म्हणायची. रोज तेच. हळूहळू, दीड-दोन वर्षांत, पोरगी ओळीवर बोट ठेवून एकटीच वाचायला लागली. कुठं अडखळणं नाही, काही नाही. झेडपी शाळेचे कुंडलिक गुरुजी "वयनी, पोरगी धाडा की," म्हणून घरी आले, तेव्हा मंगलने त्यांना खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "ऐका गुरुजी." प्रेरणाने मेंढपाळाचं स्तोत्र खाडखाड वाचून दाखवलं. "माजी तिसरीतली पोरंबी असं वाचत न्हाईत," गुरुजी म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले. त्यानंतरचा रविवार तर काय, सोन्याचा! सभेत हे कळल्यावर टाळ्या पडल्या. सुलक्षणा मॅडमनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात मंगलताई साक्ष देतील, म्हणजे देवाने आपल्या घरात काय केलं ते सगळ्यांपुढं उभ्या राहून सांगतील.

साक्षीच्या आठवड्यातली गोष्ट. प्रेरणा उंबऱ्यात बसून वाचत होती, मंगल तव्यावरची भाकरी उलटत होती. सहज मान वळवून बघितलं, तर पोरीचं बोट पानाच्या तळाला पोचलेलं. शेवटची ओळ कधीच संपलेली. पान काही उलटलं नव्हतं, आणि वाचन चालूच! पुढच्या पानावरच्या ओळी पोरगी पान न उलटताच घडाघडा म्हणत होती.

मंगल उठून पोरीपुढं येऊन बसली. भाकरी तव्यावरच राहिली. तिने कोळसा घेतला आणि जमिनीवर लिहिलं, 'पाणी'.

"काय लिवलंय गं?"

पोरीने अक्षरांकडं बघितलंच नाही. तिने आईच्या तोंडाकडं बघितलं, ओठांकडं. "तू आदी म्हण ना," ती म्हणाली.

'घर' लिहिलं, 'आई' लिहिलं. तेच. आठ वर्षांची पोर, गळ्यात सरस्वती म्हणावी असा आवाज, आणि स्वतःचं नावसुद्धा वाचता येईना! करपलेल्या भाकरीचा धूर घरभर झाला, सोजराबाई बाहेरून ओरडल्या, तरी मंगल तशीच बसून राहिली. डी.एड.ला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, पाठांतराला वाचन समजू नका म्हणून. हिने तोच पेपर चांगल्या मार्कांनी सोडवला होता. लाज वाटली, स्वतःचा संताप आला, आणि त्याहून मोठी भीती वाटली.

दुपारी संपतला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "आसू दे," म्हणाला, "शिकंल. पर रईवार होऊ दे आदी. न्हाईतर काय तोंड दाखवायचं तितं? त्या मान्सांनी मला गटारीतनं काडलंय, मंगल."

त्याचंही खोटं नव्हतं. तिला सगळीकडून कोंडल्यासारखं झालं. शाळेत घालावं, तर गुरुजींपुढं नाक मुठीत धरायचं आणि सभेतली जागा जायची. घालू नये, तर पोर अडाणी राहायची. बोलावं तर कुणाशी? नळावरच्या बायकांशी? धनाजीशी? ती गोठ्यात जाऊन येशूला म्हणाली, "देवा, तू मला सोड म्हणत न्हाईस, म्या सोडणार न्हाई. पर हे सगळं तूच सांगितलंयस का रं?" म्हशीने शेपूट हलवलं.

रविवारी हॉल भरलेला. पानशेतकडची एक तरणी बाई पहिल्या रांगेत, मांडीवर पोरगी. सुलक्षणा मॅडम माईकवर म्हणाल्या, "या ताईसुद्धा मंगलताईंचं बघून मुलीला शाळेतून काढायचं म्हणतायत." मंगल उभी राहिली. घोकून आणलेलं सगळं बाजूला राहिलं. त्या बाईच्या मांडीवरच्या पोरीकडं बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या पोरीला वाचता येत नाही. तिने पाठ केलं आणि मी फुशारकी मारली. मी आंधळी झाले होते. तुम्ही कुणी माझ्यासारखं करू नका."

आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं, आणि खरं सांगू, तिला तीच हवी होती. हाकललं म्हणजे सुटले! पण मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं. मग दुसरं. मग टाळ्या, आणि कुणाकुणाच्या डोळ्यात पाणी. सुलक्षणा मॅडमनी तिला मिठी मारली. "किती नम्र साक्ष! देव अशाच मोडलेल्या माणसांना वापरतो." त्यांनी प्रेरणाला पुढं बोलावलं. सगळ्यांनी पोरीच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले आणि तिला वाचता यावं म्हणून मोठ्याने प्रार्थना केली.

सभा सुटल्यावर पानशेतची ती बाई धावत आली. "ताई, माझी तर भीतीच गेली. तुमच्यासारख्यांचंबी चुकतं, मग मला कसली काळजी? उद्याच काढते हिला शाळेतून."

"नको गं बाई!" मंगलने तिचा हातच धरला. बाई हसली. "तुम्ही लई साध्या हाय, ताई," म्हणाली आणि गेली.

येताना टेम्पोत तिघं. संपत खुशीत होता. "बरं झालं बोललीस. समदी पाठीशी हायेत आता. मॅडम पुस्तकं धाडत्यात. शाळंचं नावच नगं आता." मंगल काचेतून बघत राहिली. जे बोलून सुटायचं होतं, त्यानेच तिला आणखी आत ढकललं होतं. शिवरे जवळ आलं तशी मधे बसलेली प्रेरणा पहिल्यांदा बोलली.

"आई, सगळ्यांनी हात ठेवला ना माज्यावर?"

"व्हय."

"मग उद्या मला वाचता आलं न्हाई, तर येशू माज्यावर रागावलाय आसं आसंल का?"

"गाडी थांबवा," मंगल म्हणाली.

"आगं, आलंच की घर."

"थांबवा म्हणते ना!"

संपतने टेम्पो कडेला घेतला. मंगल पोरीला घेऊन खाली उतरली आणि रस्त्यातच गुडघ्यावर बसून तिचे दोन्ही गाल धरून म्हणाली, "न्हाई रागावला. त्यो तुज्यावर कदीच रागावला न्हाई. म्या शिकवलं न्हाई, म्हणून तुला येत न्हाई. समजलं?" मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "सकाळी हिला शाळेत घालते. पहिलीत. गुरुजींच्या पाया पडीन, पर घालते."

"आन् रईवारी?" संपत म्हणाला. आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. "रईवारी तितं काय सांगायचं?"

"म्हाईत न्हाई," मंगल म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिने पोरीचं बोट धरलं आणि घराकडं चालायला लागली. संपतने टेम्पो चालू केला, पण पुढं काढला नाही. पायी चालणाऱ्या दोघींच्या मागनं तो पहिल्या गिअरमध्ये येत राहिला.