पुढे बर्फ लिहिला होता

मंडळी, आज डोकं फिरलंय.

सकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज आला, "उद्यापासून जोरदार पाऊस." दसऱ्यासाठी राखलेला झेंडू भिजला तर काळा पडतो, म्हणून अख्ख्या घराने फुलं तोडली, अर्धवट उमललेलीसुद्धा.

नाशिकच्या मार्केटला पोचलो तर सगळं गाव तिथेच, तसलाच कच्चा माल घेऊन. व्यापारी हात लावेना. दसऱ्याला आता विकायचं काय?

घरी आल्यावर आई म्हणाली, "तो मेसेज पूर्ण वाच बरं."

शेवटची ओळ होती, "त्यानंतर डोंगरांवर हंगामातला पहिला बर्फ पडेल."

नाशकात बर्फ!

वडील अजून म्हणतायत, "लय जणांनी पाठवला होता, खोटा कसा असंल?"

तुम्ही तरी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचलीत ना?