आधी बरोबर लिहा

किस्से गोळा करावे लागत नाहीत. दर रविवारी चार माणसांना काही शिकवायला उभं राहा, आपसूक साठतात. मी बंगळुरूला शिकले, तिथंच नोकरी केली आणि गेल्या वर्षी कर्जतला परत आले. आता विहाराच्या हॉलमध्ये मोबाईलवर घरखर्चाची शीट करायला शिकवते. आपला पैसा कुठं जातो हे ज्याला दिसतं, तो कुणापुढं मान खाली घालत नाही, असं मला मनापासून वाटतं. लोक हसतात. हसू देत!

*

पहिल्याच दिवशी शबानाभाभी आल्या. त्या घरी ब्लाऊज शिवतात. एसटी स्टँडजवळ एक गाळा भाड्यानं मिळत होता, तो त्यांना दुकानासाठी हवा होता. नवरा सलीमभाई टेम्पो चालवतात. ते म्हणाले होते, "भाडं निघतंय एवढं हिशेबात दाखव, मग हो म्हणतो." गाळेवाला महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

मी शिकवलं, "फॉर्म्युला लिहिताना आधी बरोबर लिहा, मग पुढचं."

भाभींची बेरीज काही येईना. बघते तर चौकटीत अक्षरांत लिहिलेलं, 'बरोबर'!

"अहो भाभी, बरोबरचं चिन्ह!"

"मग तसं सांगा की ताई. मला वाटलं, आधीच बरोबर लिहिलं की मोबाईल चूक काढत न्हाई!"

*

बबनमामा गवंडीकाम करतात. त्यांना म्हटलं, "मामा, घरी जाऊन सगळे कॉलम भरा." पुढच्या रविवारी विचारलं, "भरले का?"

"भरले की. आता पानी मारतोय. आठ दिवस हात लावायचा न्हाई!"

*

शेवंताकाकूंच्या शीटमध्ये खर्चाचे दोनच प्रकार होते: 'घर' आणि 'किरकोळ'. किरकोळ घराच्या दुप्पट.

"काकू, किरकोळ घरापेक्षा मोठं कसं?"

"अगं, घरात आमी पाचच. किरकोळात सगळं गाव हाय!"

याच काकूंनी लग्नांतला आहेर 'बचत' या रकान्यात टाकला होता. मी समजावलं, दिलेला पैसा म्हणजे खर्च. वर्गात एकदम गलका झाला. मामा तर उठूनच उभे राहिले. "ताई, बँक बुडंल, आहेर बुडत न्हाई! काकूला तीन पोरं हायेत लग्नाची!"

मी गुपचूप 'येणे' असा नवा रकाना केला.

*

महिन्याच्या शेवटच्या रविवारी भाभींना मी एक फॉर्म्युला करून दिला. शिल्लक भाड्यापेक्षा जास्त असेल तर चौकटीत 'घे' दिसेल, नाहीतर 'थांब'.

भाभींनी आकडे भरले. 'थांब' आलं. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि ओढणी नीट करत बसल्या.

सलीमभाई त्यांना न्यायला आले होते. मी त्यांना शीट दाखवली, किती कमी पडतात तेही सांगितलं. हिशेबात भीड चालत नाही, हे मीच तर शिकवत होते!

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "आन् हे 'थांब' येतंय कुठून?"

मी चौकटीवर बोट ठेवलं. "हा फॉर्म्युला. यात जे लिहू, ते येतं."

"अस्सं व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींचा फोन आला. "ताई, 'घे' आलं!"

"आकडे बदललेत का?"

"एक बी न्हाई. मी तर हातच लावला न्हाई. ह्यांनीच दाखवलं मला."

मी तशीच निघाले. त्यांच्या दारात टेम्पो उभा, त्यात शिलाई मशीन चढवलेलं. भाभींचा फोन घेऊन चौकट उघडली. फॉर्म्युला जागेवरच होता. शिल्लक जास्त असेल तर 'घे'. नाहीतर 'घे'.

मी सलीमभाईंकडं बघितलं. ते मशीनला दोरी आवळत होते.

"काय करणार ताई," मान वर न करता ते म्हणाले, "हिशेबच तसा निघाला!"