तिचा धुरा
कापलेल्या गवताचा वास आला की मला अजून तिचा तो धुरा आठवतो. नवा रायपूरमधल्या गोल्फ कोर्सवर मला आणि माझ्या मैत्रिणीला एकेक होल आखायला दिलं होतं. मी तळं, कारंजं, टेकडी, सगळं ओतलं. तिनं धानाच्या दोन शेतांमधला झिजलेला धुरा, म्हणजे जुना बांध, तसाच ठेवला आणि वर फक्त गवत लावलं. पहिल्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं तिथं चेंडू मारला. सपाट वाटणाऱ्या गवतावर चेंडू हळूच वळला आणि ज्यात पडायचा त्या खळग्याच्या बाजूनं निघून गेला. नवरा खूश! पुन्हा पुन्हा मारत बसला. "दीदी, तुमी इथं केलं काय?" त्यानं तिला विचारलं. "काहीच नाही. धुरा होता, राहू देला." मी म्हटलं, "घरी चला, ऊन तापून राहिलं." आजही लोक माझ्या कारंज्यापाशी फोटो काढतात आणि खेळायला तिच्याकडे जातात. नवराही.